निळ्या तंबूच्या आत

मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो. सर्कशीचा नाही आणि डोंगरावर मुक्कामाला नेतात तसलाही नाही. माझ्यात कुणी कधी झोपलेलं नाही. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो खेळ आहे, ज्यात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि मुलं डोक्यावर हेल्मेट चढवून एकमेकांवर धडकतात, त्या खेळाच्या मैदानाच्या कडेला मी उभा असायचो. कुणाला लागलं की त्याला माझ्या आत आणायचे, पडदा ओढून घ्यायचे आणि डॉक्टर त्याला तपासायचे. माझं काम एवढंच.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. जाड निळं कापड, आत वाकवलेल्या हलक्या धातूच्या कमानी. मला शिवणारी बाई गप्पिष्ट होती. शिवण घालता घालता ती शेजारणीला म्हणाली होती, "ह्याच्यात कुणाकुणाची लेकरं बसणार आहेत, देव जाणे!" मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मैदानावर एरवी मी खेळाडूंच्या बाकाच्या मागे जमिनीवर आडवा पडून राहायचो. एकानं कमान धरून वर ओढली की छत्रीसारखा उघडायचो. उघडताना माझा फट्ट असा आवाज व्हायचा. तो मला फार आवडायचा.

मला मिशिगनमधल्या वेस्ट हुरॉन विद्यापीठानं विकत घेतलं. एका गावाची वस्ती बसेल एवढं मोठं त्यांचं स्टेडियम. शनिवारी ते काठोकाठ भरायचं, आणि घरोघरी टीव्हीसमोर बसलेले लोक तर मोजायलाच नकोत. मी येण्याआधी लागलेल्या मुलाला बाकावरच तपासायचे. मग कॅमेरे त्याच्या तोंडाजवळ यायचे. वेदनेनं वाकडा झालेला त्याचा चेहरा मोठ्या पडद्यावर झळकायचा, आणि दूर कुठेतरी त्याची आई तो बघत असायची. मी आलो आणि तेवढी एक जागा कॅमेऱ्यांना बंद झाली. सुरुवातीला सगळ्यांनी माझं कौतुक केलं. समालोचक म्हणायचे, "तो तंबूत गेलाय." इतक्या लोकांच्या तोंडी माझं नाव! माझी कमान अभिमानानं ताठ व्हायची.

माझ्या आत मी काय काय नाही पाहिलं! निखळलेले खांदे जागेवर बसताना पाहिले. दाराएवढी रुंद छाती असलेला एक मुलगा सुई बघून रडायला लागला होता. एकदा एका धिप्पाड खेळाडूची विजार मागून फाटली. सारं स्टेडियम श्वास रोखून माझ्याकडे बघत होतं, आणि आत डॉक्टर चिकटपट्टीनं त्याची विजार जोडत होत्या.

त्या डॉक्टर म्हणजे अहिल्या. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांचे वडील, डॉक्टर मोरेश्वर, फार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले आणि आता निवृत्त होऊन ट्रॉयलाच राहतात. मी मराठी बोलतोय ते त्यांच्यामुळे. सामना सुरू व्हायच्या आधी अहिल्याताई माझ्या आत येऊन बसायच्या. अख्ख्या स्टेडियममध्ये तेवढीच एक शांत जागा. तिथून त्या वडिलांना फोन लावायच्या आणि स्पीकरवर टाकून पट्ट्या, कात्र्या नीट लावत बोलायच्या.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो गं. टीव्ही लावून बसलोय. तू दिसतच नाहीस कुठे."

"मी दिसले नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं समजा."

हे ऐकत ऐकत मी शिकलो.

आता तुम्हाला टीव्हीबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय माझी गोष्ट पुढे जात नाही. मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस उभा असायचा. तो ना खेळाडू, ना पंच. तो टीव्हीचा माणूस. टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या की तो हात वर करायचा आणि सगळा खेळ थांबायचा. त्यानं हात खाली घेतला की खेळ पुन्हा सुरू. ऐंशी हजार माणसं, पंच, प्रशिक्षक, सगळे त्या एका हाताची वाट बघत उभे. मला आधी गंमत वाटायची. नंतर नंतर वाटेनाशी झाली.

खेळ दाखवायचे हक्क टीव्हीवाल्यांनी इतक्या पैशांना घेतले होते, की तो आकडा सांगताना माणसं आपोआप आवाज खाली आणायची. मग सामना दुपारी की रात्री हे टीव्ही ठरवू लागला. कुणाशी खेळायचं हेही जवळजवळ तोच ठरवू लागला. मिशिगनची मुलं विमानानं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर जायची, खेळायची, पहाटे परत यायची आणि वर्गात बाकावर डोकं टेकायची. खेळाडूंसाठी काचेची इमारत उभी राहिली. तिच्या आत म्हणे एक धबधबासुद्धा होता. प्रशिक्षक हॅलोरन यांचा पगार विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कितीतरी पट झाला. खूप वर्षांनी मुलांनाही त्यातला वाटा मिळायला लागला. "हे आधीच व्हायला हवं होतं," अहिल्याताई म्हणाल्या. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्याही. पूर्वी मुलं दुखणं लपवायची ती संघातली जागा जाईल या भीतीनं. आता जागेबरोबर घरी पाठवायचे पैसेही जाणार होते. माझ्या आत येणारं पोर आधीपेक्षा जास्त जोरात म्हणू लागलं, "मला काही झालेलं नाही."

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अहिल्याताई विद्यापीठाच्या नोकर नव्हत्याच. त्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टर. मला वाटायचं, डॉक्टर पाठवल्याबद्दल विद्यापीठ रुग्णालयाला पैसे देत असेल. होतं उलटं. 'आमचे डॉक्टर या संघाची काळजी घेतात' असं टीव्हीवर दिसावं म्हणून रुग्णालयच विद्यापीठाला पैसे देत होतं. म्हणजे मैदानावर उभा राहिलेला डॉक्टर हाही त्या जाहिरातीचाच एक भाग.

मग तो नोव्हेंबरमधला सामना आला. हंगामातला शेवटचा. जिंकलो तर राष्ट्रीय स्पर्धेत जागा, आणि त्याबरोबर येणारं सगळं. वारा असा बोचरा होता की माझं कापड सारखं फडफडत होतं. शेवटचा भाग सुरू असताना आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ ज्याच्या हातून चालतो तो इलायजा, दोघांच्या मध्ये सापडला आणि मागच्या मागे डोक्यावर आपटला. उठला, हात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण अहिल्याताई तोवर धावत मैदानात पोचल्या होत्या. फट्ट. मी उघडलो.

"इलायजा, आज आपण कुणाशी खेळतोय?"

त्यानं बरोबर सांगितलं. मग त्यांनी त्याला पाच शब्द दिले. साधेच, रोजचे. म्हणाल्या, "हे लक्षात ठेव, मी थोड्या वेळानं विचारणार आहे." एका पायावर उभं केलं, डोळे तपासले. मग थांबल्या. अशा वेळी थांबावंच लागतं, मित्रांनो. ही तपासणी नीट करायची तर टीव्हीवर जाहिरातींच्या दोन-तीन फेऱ्या होऊन जातात. मग त्यांनी शब्द विचारले. त्याला दोन आठवले. आणि तो म्हणाला, "डॉक्टर, आपण आज कुणाशी खेळतोय?"

माझा पडदा बाजूला झाला. प्रशिक्षक हॅलोरन यांचं डोकं आत आलं. "कसा आहे तो?"

"तो आज खेळणार नाही."

"तो बोलतोय, चालतोय. डॉक्टर, शेवटची सहा मिनिटं आहेत."

"तो खेळणार नाही, कोच."

"मी ठीक आहे!" इलायजा ओरडला. "आईशप्पथ, मी ठीक आहे. माझी आई आलीय बघायला. फ्लिंटहून बस चालवत... म्हणजे, ती बस चालवते..." त्याचं वाक्य मध्येच हरवलं.

नियमात लिहिलेलं होतं की या बाबतीत डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण लिहिलेला नियम आणि पडद्यातून आत आलेला तो तापलेला चेहरा, यात फार अंतर असतं. अहिल्याताईंनी इलायजाचं हेल्मेट उचललं, तपासणीच्या टेबलावर त्याच्या शेजारी बसल्या आणि ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवलं. हेल्मेटशिवाय कुणाला मैदानात जाता येत नाही. थोड्या वेळानं क्रीडासंचालक सॅटलर यांचा माणूस येऊन गेला. त्यालाही त्या तशाच बसलेल्या दिसल्या. इलायजा रागानं रडत होता. नंतर तो त्यांच्याच खांद्याला टेकून गप्प झाला.

आम्ही हरलो.

स्टेडियम रिकामं झाल्यावर अहिल्याताईंनी आत बसून फोन लावला.

"बाबा, बघितलंत?"

"बघितलं. तो समालोचक म्हणत होता, डॉक्टर उगाच घाबरल्या."

"हं."

"तू घाबरली होतीस का?"

"हो. त्याच्यासाठी."

"मग झालं तर. आता घरी ये. गाडी हळू चालव, रस्त्यावर बर्फ आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "अहिल्या, बाळ, थकलीस का?"

अहिल्याताई पट्ट्या, कात्र्या पेटीत भरायला लागल्या.

त्यांना कुणी काढून टाकलं नाही. तसं कुणी करत नसतं. फक्त रुग्णालयाचा करार संपला, आणि विद्यापीठानं दुसऱ्या, जास्त पैसे देणाऱ्या रुग्णालयाशी नवा करार केला. नव्या रुग्णालयाचं नाव पांढऱ्या मोठ्या अक्षरांत माझ्या पाठीवर छापलं. माझी परवानगी कोण विचारणार! ज्या जागेत कॅमेऱ्यानं बघू नये म्हणून मला बनवलं, त्याच जागेची बाहेरची बाजू आता कॅमेऱ्यासाठी होती.

नवे डॉक्टर व्हिटमन तरुण होते. वाईट माणूस मुळीच नव्हते, हे मी आधीच सांगतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझं छत हातानं चाचपून पाहिलं आणि स्वतःशीच हसले. लहानपणापासून याच संघाचे चाहते. इथे उभं राहायला मिळालं याचाच त्यांना आनंद. त्यांच्याआधीच्या डॉक्टरांचं काय झालं हेही त्यांना ठाऊक होतं.

संघात ओवेन लाहती नावाचा मुलगा होता. मिशिगनच्या पार उत्तरेकडच्या जंगलातल्या एका गावचा. वडिलांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान. मुलगा आडदांड पण बोलायला मऊ. माझ्यावर साचलेलं पाणी स्वतः झटकून जायचा. दुसरं कुणी कधी ते केलं नाही.

ऑक्टोबरमधल्या एका रात्रीच्या सामन्यात तो धडकला आणि उठून भलत्याच बाकाकडे, समोरच्या संघाकडे चालायला लागला. त्याला माझ्यात आणलं. आत आधीच एक जण होता. इलायजा. बोटाला पट्टी बांधून घ्यायला आला होता आणि कोपऱ्यात बसला होता.

व्हिटमननी सगळं पद्धतशीर सुरू केलं. महिना विचारला. ओवेननं सांगितला. मग पाच शब्द दिले. पूल, बटण, कोबी, मेणबत्ती, घोडा. ओवेननं ते पुन्हा म्हणून दाखवले. "छान. थोड्या वेळानं परत विचारतो," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर! ब्रेक संपतोय!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. मग हॅलोरन यांचा आवाज आला. या वेळी त्यांना डोकं आत घालायचीसुद्धा गरज पडली नाही. "डॉक्टर, लाहती आहे की नाही? मला आत्ता सांगा."

व्हिटमननी ओवेनकडे पाहिलं. "कसं वाटतंय?"

"ठीक आहे, सर."

"नक्की?"

"नक्की, सर."

डॉक्टर एक क्षणभर थांबले. मला वाटलं, आता विचारतील. तोंड उघडलंही त्यांनी. पण बाहेर लाल टोपीवाल्याचा हात खाली आला होता. त्यांनी ओवेनच्या पाठीवर थोपटलं आणि पडदा बाजूला केला.

त्यानंतर थोड्याच वेळात ओवेन पडला. या वेळी कुणी धडकलंसुद्धा नव्हतं. चालता चालता गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला. मला उघडायचं कुणालाच सुचलं नाही. मोठ्या पडद्यावर लगेच एका ट्रकची जाहिरात लागली. तो चकचकीत ट्रक डोंगर चढत होता, आणि खाली हिरवळीवर सगळा संघ गुडघे टेकून बसला होता.

त्याच्या मेंदूत रक्त साचलं होतं. रातोरात शस्त्रक्रिया झाली. तो जगला.

मग चौकशी. विद्यापीठानं एक समिती नेमली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई, अगदी कमी बोलणाऱ्या. कार्यालयात बसून त्यांनी सगळ्यांचं ऐकलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. खेळाडूला पूर्ण तपासलं होतं. तसा अहवालही होता. स्टेडियममध्ये पन्नासावर कॅमेरे. चेंडूला लागलेलं गवतसुद्धा त्यांत दिसायचं. पण माझ्या आत काय झालं याचं चित्र एकाही कॅमेऱ्यात नव्हतं. मला ज्या गोष्टीचा अभिमान होता, तीच आता सगळ्यांच्या सोयीची झाली होती. मला तोंड असतं तर! फार वाईट दिवस होते ते. मी आडवा पडून असायचो आणि मला वाटायचं, मी नसतो तर बरं झालं असतं.

एक दिवस त्या बाई म्हणाल्या, "मला तो तंबू बघायचाय. त्या वेळी जे जे आत होते, त्यांना बोलवा."

रिकाम्या स्टेडियममध्ये मला उघडलं. आत न्यायाधीश बाई, विद्यापीठाचे वकील, डॉक्टर व्हिटमन आणि इलायजा. हॅलोरन आणि सॅटलर बाहेर उभे. त्यांच्या सावल्या माझ्या कापडावर पडल्या होत्या.

"तू कुठे होतास?" बाईंनी इलायजाला विचारलं.

"इथे." तो कोपऱ्यात जाऊन बसला.

"तपासणी पूर्ण झाली होती, असं तुझ्या निवेदनात आहे."

वकील म्हणाले, "त्यानं सही केलेली आहे, मॅडम."

इलायजानं मान वर केली. बाहेरच्या सावल्या त्याला दिसत होत्याच. पुढचं वर्ष त्याचं शेवटचं. संघातली जागा, पैशातला वाटा, फ्लिंटला आईसाठी घेतलेलं छोटं घर, सगळं त्या सावल्यांच्या हातात होतं.

"पूल," तो म्हणाला. "बटण. कोबी. मेणबत्ती. घोडा."

"हे काय?"

"डॉक्टरांनी ओवेनला दिलेले शब्द, मॅडम. मला अजून पाठ आहेत. गेल्या वर्षी मला असेच शब्द दिले होते, आणि मला आठवले नव्हते. म्हणून या वेळी मीही मनातल्या मनात धरून बसलो. बघू, जमतं का. परत विचारले की बघू." त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. "पण ते परत विचारलेच नाहीत."

वारा नव्हता, तरी मी थरथरलो असेन.

"तपासणी जाहिराती संपायच्या आत संपली," तो पुढे म्हणाला. "माझी संपली नव्हती. डॉक्टर अहिल्या माझं हेल्मेट घेऊन बसून राहिल्या होत्या. मी त्यांना शिव्या दिल्या, मॅडम. खूप वाईट शिव्या."

बाईंनी डॉक्टर व्हिटमनकडे मान वळवली. वकील घाईघाईनं म्हणाले, "तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही." व्हिटमननी चष्मा काढला. "नाही विचारले," ते म्हणाले. "विचारणार होतो. नाही विचारले."

तुम्हाला वाटेल, आता सगळं नीट झालं असेल. मलाही वाटलं होतं. व्हिटमन गेले. त्यांनी ते गावच सोडलं. ओवेनच्या घरच्यांशी समझोता झाला आणि त्यावर कुणी बोलायचं नाही असंही ठरलं. हॅलोरन पुढच्या वर्षी खूप सामने हरले, म्हणून त्यांना काढलं. आणि करार मोडल्याबद्दल त्यांना इतके पैसे मिळाले, की ते सांगतानाही माणसांचा आवाज खाली आला. सॅटलर तिथेच राहिले. इलायजाला उरलेला हंगाम बाकावरच बसवलं. शेवटच्या वर्षाला तो एका छोट्या कॉलेजात गेला, जिथले सामने टीव्हीवर येत नाहीत. जायच्या आधी एकटाच आला होता. माझ्या कमानीवर दोनदा टकटक केलं आणि निघून गेला.

आणि सॅटलरनी अहिल्याताईंना बोलावलं. मी सामानाच्या खोलीत अर्धा उघडून वाळत ठेवलेला होतो. तिथेच दोघं बोलत उभे राहिले.

"तुम्ही परत या, डॉक्टर. लोकांना फार बरं वाटेल."

"लोकांना?"

"पालकांना. माध्यमांना. आपण एक पत्रकार परिषद घेऊ."

"येईन," त्या म्हणाल्या. "दोन गोष्टी करा. डॉक्टर तपासत असताना तंबूजवळ कोच नको, कोचचा माणूस नको. आणि माझा पगार जाहिरातीच्या करारातून नको. मला काढायचं झालं तर तुमच्या खेळाच्या खात्याला ते करता येता कामा नये."

सॅटलर मान हलवत म्हणाले, "विचार करतो."

ते गेल्यावर अहिल्याताई खोक्यावर बसल्या आणि फोन लावला. त्यांचा आवाज खूप थकलेला होता.

"बाबा, ते नाही बोलावणार. मला माहितेय."

"मग तू विचारलंस कशाला?"

"विचारायला हवं होतं म्हणून." मग म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात ओवेनला भेटून आले. नऊ तास ड्राइव्ह केलं. वडिलांच्या दुकानात बसतो. शब्द सापडत नाहीत त्याला. चमचा म्हणायचं असतं आणि खिडकी म्हणतो. मग स्वतःच हसतो. त्याचे बाबा पण हसतात, आणि मागे जाऊन उभे राहतात थोडा वेळ."

पलीकडे तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मोरेश्वर म्हणाले, "भात लावतो. ये."

सॅटलर यांचा फोन खरंच आला नाही.

मग आणखी मोठा करार झाला, आणखी नवं रुग्णालय आलं, आणि त्यांच्या रंगाचा कोरा तंबू आला. मी फिका पडलो होतो, शिवण उसवली होती. मला फेकणारच होते. पण सामानाच्या खोलीतल्या कुणीतरी ट्रॉयच्या एका शाळेला देऊन टाकलं. आता मी तिथे असतो. बहुतेक दिवस शेडमध्ये, फावडी आणि मैदानावर चुना मारायच्या यंत्राच्या मध्ये. उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय. पाठीवरची पांढरी अक्षरं निम्मी उडालीत. इथे मुलींचा फ्लॅग फुटबॉलचा संघ आहे. त्यात कुणी कुणाला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते. त्यांचे सामने असतात तेव्हा मला बाहेर काढतात. आणि त्या दिवशी संध्याकाळी एक डॉक्टर फुकट येऊन मैदानाच्या कडेला बसतात. हो, त्याच. वडिलांचं घर इथून जवळच आहे.

परवाचीच गोष्ट. अनया नावाची मुलगी पळता पळता दुसरीवर आदळली. दोघींची डोकी एकमेकींवर. अहिल्याताईंनी तिला आत आणलं. पाठोपाठ तिचे बाबा, गिरीश, पडदा सारून आत आले. गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहेत. हातात फोन, फोनवर सामना चालू.

"काय झालं? ठीक आहे ना? अहिल्याताई, शेवटची पाच मिनिटं राहिलीत हो. नागपूरला आई पहाटे उठून लाइव्ह बघतेय. शिवाय एका कॉलेजचे कोच पण आलेत आज, यार, नेमकं आजच..."

"आय ॲम फाइन, मावशी," अनया म्हणाली. "सीरियसली."

अहिल्याताईंनी दोघांकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या सगळं सांगतील. इलायजाचं, ओवेनचं, सगळं. त्यांनी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "गिरीश, बस." तेही अंगातला सगळा जोर संपलेल्या माणसासारखं, हळू.

गिरीश गवतावर बसले. बाहेर शिट्टी वाजली, मुली ओरडल्या, खेळ पुढे गेला. अहिल्याताई अनयाचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. कसलीच घाई नसल्यासारख्या.

खूप वेळानं अनया म्हणाली, "मावशी, लाइट डोळ्यात टोचतोय." आणि मग अगदी बारीक आवाजात, "बाबा, आपला स्कोअर किती आहे? मला आठवतच नाहीये."

गिरीशनी फोन वर उचलला. "आई," ते म्हणाले, "मी नंतर करतो तुला." आणि फोन बंद करून त्यांनी तो खिशात टाकला. मग गुडघ्यांवर सरकत सरकत तिच्याजवळ आले आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. आणखी एखादा हिवाळा निघेल की नाही, सांगता येत नाही. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझं काय, कापडच ते. पण तुमच्याबरोबर खेळणारं कुणी कधी डोकं धरून बसलं, तर त्याला विचारा. ते ठीक आहे म्हणेल. बहुतेक सगळे तसंच म्हणतात. तेव्हा लगेच उठून जाऊ नका. बाहेर कितीही आरडाओरडा चालला असला तरी, त्याच्याजवळ थोडा वेळ बसून राहा.